काम झालं, प्रिंट मिळाली. पण संगणकावर मागे काय राहिलं?

सेतू केंद्र, झेरॉक्सचं दुकान, शाळा, कचेरी... सामाईक संगणकावर बसणाऱ्यांनी ही बटणं ओळखून ठेवावीत

भोकर : दहावी-बारावीचे निकाल लागले की भोकरसारख्या तालुक्याच्या गावात सेतू केंद्रं आणि झेरॉक्सची दुकानं सकाळपासून भरून जातात. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला नॉन-क्रिमीलेयर, कुणाला रहिवासी. पेरणीच्या दिवसांत त्यात सातबारा आणि फार्मर आयडीवाले मिसळतात. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा तर गावोगावच्या केंद्रांवर उभं राहायला जागा नव्हती. काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "व्हॉट्सॲपवर पाठवता, का पेन ड्राइव्ह आहे?" आधारची पीडीएफ पलीकडे जाते, प्रिंट निघते, पैसे देऊन माणूस बाहेर पडतो. पीडीएफ मात्र त्या संगणकावरच राहते.

मोबाइल आपला असतो, त्याला लॉक असतं. तालुक्याच्या गावात संगणक बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो. दुकानाचा, शाळेचा, सोसायटीचा किंवा कचेरीचा. एकाच खुर्चीवर दिवसभरात अनेक जण बसून जातात. इंटरनेटवर 'शंभर भन्नाट शॉर्टकट' छापाच्या याद्या ढिगाने मिळतात, पण त्या स्वतःच्या लॅपटॉपवर एकट्याने काम करणाऱ्यासाठी केलेल्या असतात. माउसपर्यंत हात न नेता चार सेकंद कसे वाचतील, एवढीच त्यांची धाव. सामाईक संगणकावरच्या गरजा वेगळ्या आहेत. वीज गेली तरी मजकूर वाचला पाहिजे, खाते क्रमांकातला शून्य जागेवर राहिला पाहिजे आणि उठून जाताना आपलं काहीही मागे राहता कामा नये. त्यासाठी शंभर बटणं लागत नाहीत.

(इथे सांगितलेली बटणं विंडोज १० आणि ११ वरची आहेत. 'कंट्रोल + एस' म्हणजे कंट्रोलचं बटण दाबून ठेवून एस दाबायचं. 'विंडोज' म्हणजे कीबोर्डवर डावीकडे खाली असलेलं खिडकीच्या चिन्हाचं बटण.)

उठण्यापूर्वी

सुरुवात व्हॉट्सॲपपासून. प्रिंटसाठी अनेक जण दुकानातल्या संगणकावर स्वतःचं व्हॉट्सॲप वेब उघडतात. क्यूआर कोड स्कॅन होतो, फाइल उतरते आणि गडबडीत खिडकी नुसती बंद केली जाते. खिडकी बंद केली म्हणजे लॉगआउट झालं नाही. पूर्वी मोबाइल बंद पडला की वेबही बंद पडायचं; २०२१ पासून आलेल्या नव्या रचनेत मोबाइल बंद असला तरी जोडलेला संगणक चालू राहतो. तुम्ही गावी पोहोचून जेवायला बसलेले असता आणि तिकडे तुमचे मेसेज दुकानातल्या पडद्यावर येत राहू शकतात. उपाय तुमच्याच हातात आहे : मोबाइलवर व्हॉट्सॲपच्या तीन टिंबांत 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. तिथे जोडलेल्या संगणकांची यादी दिसेल. अनोळखी नावावर बोट ठेवून 'लॉग आउट' करा. हा मजकूर मोबाइलवरच वाचत असाल, तर आत्ताच एकदा बघून घ्यायला हरकत नाही.

दुसऱ्याच्या संगणकावर ईमेल, डिजिलॉकर किंवा बँक उघडायची वेळ आलीच, तर आधी कंट्रोल + शिफ्ट + एन दाबा. क्रोम आणि एजमध्ये खासगी खिडकी उघडते (फायरफॉक्समध्ये एनऐवजी पी). ती बंद केली की पासवर्ड, लॉगिन, हिस्ट्री काही उरत नाही. पण इथे बहुतेकांची एक गैरसमजूत असते. खासगी खिडकीतून उतरवलेली फाइल खासगी राहत नाही. ती 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये इतर फायलींच्या शेजारी जाऊन बसते आणि खिडकी बंद झाल्यावरही तिथेच असते.

म्हणून उठण्याआधी विंडोज + ई दाबून फाइल एक्सप्लोरर उघडा, डाउनलोड्समध्ये जा, आपल्या फायली निवडा आणि शिफ्ट + डिलीट दाबा. नुसतं डिलीट दाबलं तर फाइल रिसायकल बिनमध्ये जाते आणि पुढच्या माणसाला दोन क्लिकमध्ये परत मिळते. शिफ्टसोबत दाबलं की ती बिनमध्येही जात नाही. (खास सॉफ्टवेअर वापरून तीही कधीकधी परत काढता येते. पण दुकानात पुढच्या नंबरला बसलेल्या माणसाकडे एवढा वेळ नसतो.) ब्राउझरमध्ये कंट्रोल + जे दाबलं की उतरवलेल्या फायलींची यादी दिसते, काय काय पुसायचं ते आठवायला ती उपयोगी पडते. यादीतलं नाव काढलं म्हणजे फाइल गेलीच असं मात्र समजू नका.

आधारची पीडीएफ पासवर्डने बंद असते, मग भीती कशाची, असंही कुणी विचारेल. तो पासवर्ड सगळ्यांचा एकाच पद्धतीने बनतो : नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं साल. तुमचा अर्ज भरणाऱ्याला हे दोन्ही माहीत असतं. त्यापेक्षा चालत असेल तिथे 'मास्क्ड आधार' उतरवून घ्या. त्यावर बारापैकी शेवटचे चारच अंक दिसतात. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने सायबर कॅफेत ई-आधार उतरवणं टाळा, उतरवलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा, असं पत्रक काढलं होतं. त्याचा चुकीचा अर्थ काढला जाईल म्हणून केंद्राने ते दोनच दिवसांत मागे घेतलं आणि नागरिकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी एवढं सांगितलं. पत्रक गेलं, पण त्यातला प्रती पुसण्याचा सल्ला आजही तितकाच कामाचा आहे.

काउंटरच्या पलीकडे बसणाऱ्यांसाठी यापेक्षा सोपं आणि यापेक्षा मोलाचं एक बटण आहे : विंडोज + एल. पडदा लगेच कुलूपबंद होतो, मागे उघडी असलेली कामं तशीच राहतात, परत येऊन पासवर्ड टाकला की पुढे चालू. कचेरीतल्या संगणकावर लॉगिन उघडं आहे, डिजिटल स्वाक्षरीचं डोंगल यूएसबीत खोचलेलं आहे आणि साहेब चहाला गेले आहेत, हे दृश्य कुणाला नवीन नाही. त्या पाच मिनिटांत त्या खुर्चीवरून जे होईल ते साहेबांच्याच नावावर नोंदलं जाणार. चहाला जाताना विंडोज + एल आणि डोंगल खिशात, एवढीच सवय हवी.

वीज गेली, मजकूर गेला

पावसाळ्यात वारं सुटलं की वीज जाणार, हे मराठवाड्यात कुणी कुणाला सांगत नाही. लॅपटॉपला बॅटरी असते. डेस्कटॉप मात्र त्याच क्षणी बंद पडतो आणि न साठवलेलं काम घेऊन जातो. यूपीएस असेल तरी तो काम चालू ठेवायला नसतो. फायली साठवून संगणक नीट बंद करण्यापुरता वेळ त्यातून मिळतो.

कंट्रोल + एस सगळ्यांना माहीत असतं, पण ते काम संपल्यावर दाबलं जातं. ते दाबायची वेळ सुरुवातीलाच आहे. नवीन फाइल उघडली की एक ओळही लिहिण्याआधी तिला नाव देऊन साठवा. नंतर प्रत्येक परिच्छेदाला बोट आपोआप तिकडे गेलं पाहिजे. वर्ड स्वतःहूनही एक प्रत राखत असतं, पण ठरलेल्या सेटिंगप्रमाणे दर १० मिनिटांनी. 'फाइल'मधून 'ऑप्शन्स', तिथून 'सेव्ह' उघडलं की हा आकडा २ करता येतो. वीज परत आल्यावर फाइल दिसत नसेल तर घाबरून नव्याने टाइप करायला बसू नका. वर्डमध्ये 'फाइल', 'इन्फो', 'मॅनेज डॉक्युमेंट' या वाटेने गेलं की न साठवलेल्या फायली परत मिळवण्याचा पर्याय सापडतो. अर्धं-अधिक काम पुष्कळदा तिथे सापडतं.

सरकारी संकेतस्थळावरच्या अर्जात मात्र कंट्रोल + एसचा काही उपयोग नाही. तिथे वीज किंवा रेंज गेली, किंवा बराच वेळ काही न केल्याने संकेतस्थळाने तुम्हाला बाहेर काढलं, की भरलेलं सगळं जातं. तक्रार अर्ज किंवा खुलासा असा मोठा मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहा, साठवा आणि मग कंट्रोल + सी, कंट्रोल + व्ही करून अर्जात टाका. चुकून टॅबच बंद झाला तर कंट्रोल + शिफ्ट + टी दाबा. शेवटचा बंद झालेला टॅब परत उघडतो. आत भरलेला मजकूर टिकलेला असेलच असं नाही, पण निदान पान पुन्हा शोधावं लागत नाही.

कॉपी-पेस्टची गोष्ट निघालीच आहे तर एक गंमत. मजकूर कापून दुसरीकडे चिकटवायची ही पद्धत १९७०च्या दशकात लॅरी टेस्लर आणि त्यांचे सहकारी टिम मॉट यांनी अमेरिकेतल्या ज्या प्रयोगशाळेत घडवली, ती होती झेरॉक्स कंपनीची. भोकरच्या बाजारात ज्या कंपनीचं नाव दुकानांच्या पाट्यांवर लागलं आहे, तीच ही. टेस्लर फेब्रुवारी २०२० मध्ये वारले. त्यांच्या कल्पनेत पुढे एक मोठी भर पडली आणि ती अजून अनेकांपर्यंत पोहोचलेली नाही : विंडोज + व्ही. कंट्रोल + व्हीने फक्त शेवटची कॉपी केलेली गोष्ट येते. विंडोज + व्हीने आधीच्या २५ गोष्टींची यादी समोर येते. पहिल्यांदा दाबलं की 'टर्न ऑन' करावं लागतं. एकाच माणसाचं नाव, पत्ता, खाते क्रमांक चार अर्जांत भरायचे असतील तर काम निम्म्यावर येतं. पण सामाईक संगणकावर हीच यादी धोक्याचीही आहे; तुम्ही कॉपी केलेला पासवर्ड तिच्यात पुढच्या माणसाला दिसेल. जाताना यादीतलं 'क्लिअर ऑल' दाबायला विसरू नका.

एक्सेलने खाल्लेला शून्य

संगणकावरच्या चुकांत सगळ्यात महाग पडणारी चूक बहुधा हीच असेल. अतिवृष्टीच्या अनुदानाची, शिष्यवृत्तीची किंवा बचत गटाची यादी एक्सेलमध्ये केली जाते. नाव, आधार क्रमांक, खाते क्रमांक, आयएफएससी. टाइप करणारा बरोबर टाइप करतो आणि तरीही यादी चुकते, कारण एक्सेल या आकड्यांकडे मोजायची संख्या म्हणून बघतं.

संख्येच्या आधीच्या शून्याला गणितात किंमत नसते, म्हणून शून्याने सुरू होणाऱ्या खाते क्रमांकाचा शून्य एक्सेल काढून टाकतं. आधारचे १२ अंक टाकले की रकाना रुंद असला तरी मधे टिंब आणि 'ई' असलेलं विचित्र रूप दिसू लागतं. हा वैज्ञानिक पद्धतीने लिहिलेला आकडा असतो, आतला क्रमांक अजून शाबूत असतो. खरी मेख १६ अंकी क्रमांकात आहे. एक्सेल १५ अंकांपर्यंतच नेमकी संख्या लक्षात ठेवतं. सोळावा अंक ते गुपचूप शून्य करून टाकतं. पंजाब नॅशनल बँकेचे खाते क्रमांक १६ अंकी असतात. शेवटचा अंक शून्य नसेल तर यादीतला क्रमांक चुकीचा झाला. कुठलीही लाल खूण दिसत नाही, कुठलीही सूचना येत नाही. पैसे का आले नाहीत म्हणून खातेदार बँकेच्या आणि कचेरीच्या पायऱ्या झिजवतो, तेव्हा कुठे ते उघडकीला येतं.

उपाय टाइप करण्याआधी करायचा असतो. तो पूर्ण रकाना निवडा, कंट्रोल + १ दाबा, उघडलेल्या चौकटीत 'टेक्स्ट' निवडून ओके करा. आता तुम्ही जे टाइप कराल तेच राहील. एखाद-दुसराच क्रमांक असेल तर आधी एकेरी अवतरण चिन्ह टाकून मग क्रमांक लिहा. ते चिन्ह छापलं जात नाही. चूक झाल्यावर रकाना टेक्स्ट केला तर गेलेला अंक परत येत नाही, तो क्रमांक पासबुकावरून नव्यानेच टाकावा लागतो. बाहेरून आलेली सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडली तरी हाच घोटाळा होतो. ती एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून आत घ्यावी आणि तिथे त्या रकान्याला टेक्स्ट म्हणून सांगावं.

आयएफएससीतही एक सापळा आहे. त्यात ११ चिन्हं असतात. पहिली चार अक्षरं बँकेची आणि पाचवं चिन्ह नेहमी शून्य. पासबुकावर पाहून टाइप करताना तिथे इंग्रजी 'ओ' टाकला जातो. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाला त्यात जमीन-अस्मानाचा फरक. यादी बँकेकडे पाठवण्याआधी हे पाचवं चिन्ह तपासायला दोन मिनिटं पुरतात.

बाकी एक्सेलमधलं झटपट सांगायचं तर : कंट्रोल + अर्धविराम दाबलं की आजची तारीख येते, आल्ट + बरोबरचं चिन्ह दाबलं की वरच्या आकड्यांची बेरीज, आणि कंट्रोल + शिफ्ट + एल दाबलं की फिल्टर लागतो, मग हजार नावांतून एका गावची नावं वेगळी काढता येतात.

मराठी टाइप केलं, मोबाइलवर दिसेना

ग्रामपंचायतीची नोटीस टाइप केली, व्हॉट्सॲपवर पाठवली आणि गावकऱ्यांच्या मोबाइलवर इंग्रजी अक्षरांचा काला दिसला, असं होतं ते जुन्या फॉन्टमुळे. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे फक्त चित्र असतं. आत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर. कृतिदेवमध्ये 'भारत' लिहिलं तर आत 'एच, के, के, जे, आर' ही पाच इंग्रजी अक्षरं असतात. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला तीच दिसतात. अशा फाइलमध्ये कंट्रोल + एफ दाबून मराठी नाव शोधलं तर सापडत नाही, यादी अकारविल्हे लावली तर चुकीची लागते.

युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कुठल्याही मोबाइलवर मराठीच दिसतं. विंडोजमध्ये ते फुकट आणि आधीच दिलेलं आहे. सेटिंग्जमधल्या 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये मराठी भाषा जोडायची आणि मग विंडोज + स्पेस दाबून इंग्रजी-मराठी अशी अदलाबदल करायची. ज्यांना मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्डही आला आहे.

पण रोज टाइप करायचं असेल तर इनस्क्रिप्ट शिकून घेणं फायद्याचं. आठवडाभर बोटं अडखळतात, हे खरं. रेमिंग्टनच्या रचनेवर टायपिंगची परीक्षा दिलेल्यांना तर जास्तच. पण तिची मांडणी समजली की पाठ करायला फार काही उरत नाही : स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. के दाबलं की क, शिफ्टसह के दाबलं की ख. आयवर ग, शिफ्टसह घ. शिवाय ही रचना सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आहे. तेलंगणाच्या सीमेजवळच्या भोकर-धर्माबाद भागात ज्यांना तेलुगूही टाइप करावं लागतं, त्यांना तिथेही क के वरच सापडतो.

या भागातल्या कागदांवर 'शेतकरी' हा शब्द पावलोपावली येतो आणि त्याचं अनेकवचन तितक्याच वेळा चुकतं. 'शेतकऱ्यांना' ऐवजी र वरचा रफार य वर चढून भलताच शब्द तयार होतो. इनस्क्रिप्टमध्ये नुसतं जे दाबलं की साधा र येतो. 'ऱ्य'साठी शिफ्ट + जे, मग डी, मग तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाचं बटण) असं ओळीने दाबायचं. 'दऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' या शब्दांतलं 'ऱ' असंच येतं.

जुन्या फॉन्टमधल्या फायली बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासून घ्यावे लागतात. तेवढा वेळ नसेल आणि नोटीस आजच पाठवायची असेल, तर कंट्रोल + पी दाबा, प्रिंटरच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा आणि ती पीडीएफ पाठवा. फॉन्ट कुठलाही असला तरी समोरच्याला जसं आहे तसं दिसेल.

'बिघडला' म्हणण्याआधी

मेकॅनिकला बोलावण्याआधी कीबोर्डकडे एकदा बघा. पासवर्ड बरोबर असूनही घेत नसेल तर कॅप्स लॉक चालू असतो किंवा नम लॉक बंद. वर्डमध्ये नवीन अक्षर टाकलं की पुढचं अक्षर खाल्लं जात असेल तर इन्सर्ट बटण दाबलं गेलेलं असू शकतं. एक्सेलमध्ये बाणाचं बटण दाबल्यावर चौकट हलायच्या ऐवजी पानच सरकत असेल तर स्क्रोल लॉक. शिफ्ट पाच वेळा दाबलं गेलं की 'स्टिकी कीज'ची चौकट येते. तिला 'नो' म्हणायचं. ब्राउझरमधली अक्षरं अचानक मोठी किंवा बारीक झाली तर कंट्रोल + ०.

शाळेत प्रोजेक्टर काढल्यावर संगणकाचा पडदा काळाच राहतो तेव्हा विंडोज + पी दाबून पहिला पर्याय निवडावा. पडदा प्रोजेक्टरकडे पाठवलेला असतो, एवढंच. पडदा गोठला असेल तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केपने टास्क मॅनेजर उघडून अडकलेला प्रोग्राम बंद करता येतो. मेन स्विच बंद करायची वेळ त्यानंतरची.

आणखी एक गोष्ट ऐकून आश्चर्य वाटेल. विंडोज १० आणि ११ मध्ये 'शट डाउन' करून परत चालू केलेला संगणक बहुधा पूर्ण बंद झालेलाच नसतो. लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज आपली आतली स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तीच परत उचलतं. म्हणून कालचा घोळ आजही तसाच असतो. प्रिंटर ऐकत नसेल, नेट चालत नसेल तर 'रीस्टार्ट' निवडा. त्यात सगळं खरोखर नव्याने सुरू होतं.

फोटो '५० केबीच्या आतच' मागणाऱ्या अर्जासाठी अनोळखी संकेतस्थळावर आपला फोटो आणि सही चढवायची गरज नाही. विंडोजच्या पेंटमध्ये फोटो उघडा, कंट्रोल + डब्ल्यू दाबा, लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये कमी करा आणि जेपीजी म्हणून साठवा. मूळ फोटो वाचवायचा असेल तर एफ१२ दाबून वेगळ्या नावाने.

जे शॉर्टकट दाबायचे नाहीत

पेन ड्राइव्ह उघडला आणि प्रत्येक फोल्डरच्या चिन्हावर छोटा बाण दिसला, तर तो जुना 'शॉर्टकट व्हायरस' आहे. खरे फोल्डर लपवून तो त्यांच्या नावाने खोटे दरवाजे उभे करतो. त्यावर क्लिक केलं की तो संगणकात शिरतो आणि तिथून पुढच्या प्रत्येक पेन ड्राइव्हमध्ये. दुकानादुकानांतून फिरणाऱ्या पेन ड्राइव्हला हा हमखास गाठतो. तुमचं काम बहुतेक वेळा आत शाबूत असतं, म्हणून फॉरमॅट करायची घाई नको. बाणावर क्लिक न करता पेन ड्राइव्हच्या चिन्हावर उजवं क्लिक करून 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' चालवा आणि लपलेल्या फायली जाणकाराकडून उघड करून घ्या.

दुसरा प्रकार नवा आणि जास्त वाईट आहे. एखादं संकेतस्थळ उघडलं की 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' अशी चौकट येते आणि खाली सूचना असतात : विंडोज + आर दाबा, मग कंट्रोल + व्ही, मग एंटर. तीन साधी बटणं. पण त्या पानाने तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते. विंडोज + आरने आज्ञा देण्याची चौकट उघडते, कंट्रोल + व्हीने ती आज्ञा तिथे चिकटते आणि एंटर दाबलं की पासवर्ड चोरणारा प्रोग्राम तुम्ही स्वतःच्या हाताने आत घेता. चित्रातले सिग्नल ओळखा, अक्षरं वाचा, असं संकेतस्थळं विचारतात. कीबोर्डवर विंडोज + आर दाबायला कुठलंही खरं संकेतस्थळ सांगत नाही. असं झालंच असेल तर त्या संगणकाचं नेट तोडा, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा; जितका उशीर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी.

तुमच्या समोरचं विंडोज कुठलं?

विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. संगणक त्यानंतरही चालतो, म्हणून कुणाला काही जाणवत नाही. पण नवी सापडलेली भोकं बुजवली जात नाहीत. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत मायक्रोसॉफ्टने दिली. सेटिंग्जमधल्या 'विंडोज अपडेट'मध्ये हा पर्याय दिसतो आणि मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप ठेवला तर त्यासाठी पैसे पडत नाहीत. विंडोज ११ वर जायचं तर संगणकात 'टीपीएम २.०' ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेक जुने डेस्कटॉप तिथवर पोहोचत नाहीत.

कुठलं विंडोज आहे ते बघायला विंडोज + आर दाबा. या वेळी काहीही चिकटवू नका. इंग्रजीत 'विनव्हर' (डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर) स्वतः टाइप करून एंटर दाबा. एक छोटी चौकट आवृत्ती सांगेल. दुकानातल्या संगणकावर ती ७ किंवा ८ निघाली, तर प्रिंट जरूर काढा. बँकेचं लॉगिन मात्र तिथे टाकू नका.